टिंबाच्या पुढचं

गावाचं नाव मी सांगणार नाही. तारापूरकडे जाताना खाडीच्या अलीकडे, एवढं पुरे. दोन्ही घरं अजून तिथेच राहतात, आणि माझ्यामुळे त्यांनी जे भोगलं त्यात आणखी भर घालायची माझी इच्छा नाही.

मी मूळचा संगमनेरकडचा. नाव चंद्रभान. तारापूरच्या एमआयडीसीत वायरमन म्हणून आलो, साहेबाशी भांडून बाहेर पडलो आणि बोईसर स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. शहाण्णव साली त्या धंद्यात आम्ही तिघेच होतो आणि बाकीच्या दोघांना मी गाढव समजायचो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं ते मला काम येत नव्हतं म्हणून झालं नाही, मस्तीमुळे झालं.

त्या गावच्या मच्छीमार सोसायटीकडे एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात गावातल्या कवींची नोंद होती. कव म्हणजे समुद्रात डोल जाळं बांधायला खुंट मारून ठरवलेली जागा. शेताला निदान बांध असतो, पाण्यावर काहीच दिसत नाही. तरी कुठली कव कुठल्या घराची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि त्यावरून डोकी फुटतात. ही नोंद पूर्वी वहीत होती. एकदा उधाणाचं पाणी ऑफिसात शिरलं आणि वहीचा लगदा झाला. तेव्हा सोसायटीच्या कारकून वत्सलाबाईंनी पान न्‌ पान उन्हात वाळवलं, वाचता येईल तेवढं वाचलं, उरलेलं म्हाताऱ्यांना विचारलं आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये चढवलं. एका घराची एक फाइल. अशा चौसष्ट.

आतला मजकूर मराठीत होता, पण फाइलीचं नाव त्या काळी इंग्रजीतच द्यावं लागे. तेही आठ अक्षरांत, मग एक टिंब, आणि टिंबाच्या पुढे तीन अक्षरं. बस. सगळं जग त्या तीन अक्षरांत फाइल कुठल्या प्रकारची आहे ते लिहितं. वत्सलाबाईंनी तिथे बापाचं नाव लिहिलं होतं. कारण अर्धं गाव एका आडनावाचं, आणि नावंही तीच तीच. त्या वेळी घरकर्त्यांत जुळणारं नाव एकच, दोन कृष्णकांत होते. एक दामूचा, एक नामदेवचा. इंग्रजीत कृष्णकांत आठ अक्षरांत मावत नाही, ‘कृष्णक’वरच संपतो. म्हणून एका फाइलीचं नाव ‘कृष्णक.दाम’ आणि दुसरीचं ‘कृष्णक.नाम’. गावात हाक मारतात तशीच नावं बाईंनी मशीनलाही शिकवली होती.

जून महिन्यात बोटी किनाऱ्याला ओढून ठेवल्या होत्या तेव्हा सोसायटीने माझ्याकडून नवा कॉम्प्युटर घेतला. जुना मी बदल्यात घेणार होतो. जुन्यातलं सगळं नव्यात घालून द्यायचं, हे काम. वत्सलाबाई त्या वेळी सफाळ्याला होत्या, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून. चेअरमन कमलाकांत तांडेल यांनी ऑफिस उघडून दिलं आणि ते पान खायला निघून गेले. जुन्या मॉनिटरवर बाईंनी एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती.

‘फाइलींच्या नावात टिंबाच्या पुढचं पुसू नये. वत्सला.’

मी ती वाचली. वाचून हसलो. नव्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम ठरावीक तीन अक्षरांच्या शेपटीच्या फाइलीच दाखवायचा. दाम, नाम, सुक, अशा शेपट्या त्याला दिसणारच नव्हत्या. एक-एक फाइल बघून नवं नाव द्यायचं तर अख्खी दुपार गेली असती. मी एकच ओळ टाइप केली: सगळ्या फाइली तिकडे ने आणि सगळ्यांची शेपटी एकच कर. नावं भराभर सरकत गेली. शेवटी मशीनने सांगितलं, चौसष्ट फाइली कॉपी झाल्या. मोजणी जुळली म्हणून मी खूश.

मशीन खोटं बोललं नव्हतं. चौसष्ट कॉपी झाल्याच होत्या. पण टिंबाच्या पुढचं गेल्यावर दोन्ही कृष्णकांतांचं नाव एक झालं. दामूचा आधी गेला, त्याच्यावर नामदेवचा जाऊन बसला. जुनं डॉस असल्या वेळी विचारतसुद्धा नाही, गुपचूप पहिल्याला पुसून टाकतं. मला हे माहीत होतं. दुकानात पोरांचे वर्ग घ्यायचो, त्यात शिकवायचोही. पण त्या दुपारी डोक्यात नव्हतं. मी चिठ्ठी चुरगळून खिडकीबाहेर टाकली, जुन्या कॉम्प्युटरची डिस्क साफ केली आणि तो दुकानात आणून त्यावर पोरांसाठी टायपिंग आणि दोन-तीन गेम घातले.

नारळी पौर्णिमेनंतर सोसायटीची सभा झाली. नव्या प्रिंटरवर छापलेली यादी कमलाकांत तांडेलांनी वाचून दाखवली. सोसायटीचा नियम असा की ज्या कवीला कोणाचं नाव नाही ती चिठ्ठी टाकून द्यायची. यादीत कृष्णकांत एकच होता, नामदेवचा, त्याच्या दोन कवींसह. दामूच्या घराच्या तीन कवी बेवारस निघाल्या. त्यातली एक अख्ख्या गावाच्या डोळ्यांत भरणारी, जिथे बोंबील हमखास लागतो ती.

दामू आदल्या वर्षी वारला होता, तेव्हाच बाईंनी त्याच्या कवी मुलाच्या नावावर चढवल्या होत्या. पण त्या कवीवर त्याचंच जाळं असायचं हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि सगळे मूग गिळून बसले. कागदावर नाव नाही म्हटल्यावर गावाची आठवण एकाएकी पातळ झाली. प्रत्येकाला वाटलं, चिठ्ठीत आपलं नाव निघू शकतं. या गोष्टीचा मला आजही माझ्या चुकीइतकाच राग येतो.

बोंबलाच्या कवीची चिठ्ठी निघाली नामदेवच्या कृष्णकांतची.

दामूचा कृष्णकांत उठला आणि त्याने यादी मागितली. चेअरमन देईनात. त्याने हिसकावली, फाडली आणि चेअरमनच्या तोंडावर बुक्की मारली. मग पाच-सहा जण त्याच्यावर तुटून पडले. खुर्च्या मोडल्या. त्याला लाथा घालत पायरीवरून खाली लोटलं तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि एक दात सोसायटीच्या ओट्यावर पडला होता. तिथून तो उठला तो सरळ माझ्या दुकानात आला, भरदुपारी.

मी एका मॉनिटरवर काम करत होतो. सोल्डरिंगची इस्त्री, म्हणजे डाख द्यायची पेनाएवढी सळई, तापलेली. तो दारात उभा राहिला, शर्टावर रक्त, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘माजं नाव कुटं गेलं?’’

‘‘तू कोण?’’

‘‘दामूचा कृष्णकांत. यादीत नामदेवचा हाय, मी नाय. दोन व्हते. वत्सलाबायनी माज्यासमोर चढवलेलं.’’

मला ती चिठ्ठी आठवली. त्याच क्षणी सगळं उलगडलं. दामूचा आधी, नामदेवचा नंतर. तेवढ्यात मी म्हणालो असतो, ‘‘बाबा, माझ्या हातून चूक झाली,’’ तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी तोंड उघडलंही होतं. पण तो बोलायची वाट बघत थांबला नाही. त्याने माझी मान धरली आणि माझं तोंड कीबोर्डवर आपटलं. एकदा, दोनदा. नाकातून रक्त आलं.

‘‘शोध,’’ तो म्हणाला. ‘‘माज्या बापाचं नाव शोध.’’

मी डोक्यात राख घालून घेतली. हातात तापलेली इस्त्री होती. मी ती त्याच्या मनगटावर टेकवली आणि दाबून धरली. मांस जळल्याचा वास आला. त्याने ओरडून मान सोडली. मी इस्त्री त्याच्या डोळ्यांसमोर धरून म्हणालो, ‘‘चौसष्ट होत्या, चौसष्ट गेल्या. तुझी फाइल नव्हतीच. तुझ्या बापाचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं, तर मी काय जन्माला घालू?’’

एकदा मार खाल्ल्यावर खरं बोलणं म्हणजे हार वाटते. मला तेव्हा जिंकायचं होतं.

तो मनगट छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिला. ‘‘माजा बाप नाय म्हनतंस,’’ एवढंच म्हणाला आणि गेला. मी शटर अर्धं ओढून घेतलं, नाक धुतलं, जुना कॉम्प्युटर सुरू करून डिस्क तपासली. पुसलेलं परत आणायचे काही उपाय असतात, ते सगळे केले. पोरांच्या गेमखाली सगळं गाडलं गेलं होतं. दामूचं नाव कुठेच उरलं नव्हतं. ते कसं गेलं हे आता फक्त मला माहीत होतं, आणि कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं. चार दिवसांत निवळेल, अशी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला वत्सलाबाई आल्या. सभेची बातमी सफाळ्यापर्यंत पोचली होती, म्हणून पहिल्या गाडीने निघून सरळ दुकानात. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, काखेत पिशवी. त्यांनी माझं सुजलेलं नाक बघितलं आणि विचारपूससुद्धा केली नाही.

‘‘टिंबाच्या पुढचं पुसलंत ना?’’

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर उगीच पुसू लागलो.

‘‘मी लिहून ठेवलं होतं.’’

‘‘चिठ्ठी मिळाली नाही,’’ मी म्हणालो.

त्यांनी मला थोबाडीत मारली. अशी मारली की कानात शिट्टी वाजली. मला आईनंतर कुठल्या बाईने मारलं नव्हतं. मी हात उगारला आणि तो तसाच खाली आला, कारण बाई रडत होत्या.

‘‘स्टेशनवर गावच्या बायका भेटल्या, त्यांनी सांगितलं. आज पहाटेच्या पाण्याला दोघंही गेलेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नामदेवचा त्या कवीवर जाळं बांधायला आणि दामूचा त्याला अडवायला. कोयता घेऊन गेलाय. चला आणि गावासमोर सांगा. बोटी परत आल्या की दोघांच्या समोर सांगा.’’

मी माझी एम-एटी स्कूटर काढली, बाईंना मागे बसवलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो. मशीनची चूक, प्रोग्रामची चूक, असं काहीतरी. माझी चूक असं एकदाही जुळवलं नाही.

किनाऱ्यावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. बाईंनी मला दोघी दाखवल्या. लाडकी, ती दामूच्या कृष्णकांतची बायको. घरी आजारी सासू गोदूबाई, म्हणून ती पुन्हा पुन्हा घराकडे बघत होती. आणि पाच-सहा हातांवर जमना, नामदेवच्या कृष्णकांतची बायको, तान्हं पोर पाठीला बांधलेलं. कालपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

बोटी वेळेआधी आल्या. सुका तांडेलाची बोट पुढे, आणि तिने दोरीने दोन बोटी ओढत आणलेल्या. सुका कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि तिथूनच ओरडला, ‘‘कृष्णकांत गेला.’’

दोघी एकदम उठल्या. दोघी पाण्यात धावल्या आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबल्या. कुठला, ते एकीनेही विचारलं नाही. विचारणार कसं? कुठला असं विचारणं म्हणजे दुसरीच्या नवऱ्याचं मरण मागणं. किनाऱ्यावरही कोणी विचारेना. सुका पाण्यातून चालत येत होता, त्याच्या बनियनवर रक्त होतं, आणि त्या दोन बायका एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. इतका लांबलेला वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी काढलेला नाही.

‘‘नामदेवचा,’’ सुका जवळ आल्यावर म्हणाला.

जमना पाण्यातच खाली बसली. पाठीवरचं पोर भिजलं तसं ते रडायला लागलं. लाडकीने तिला उठवायला हात पुढे केला आणि भाजल्यासारखा मागे घेतला.

सुकाने सांगितलं ते असं. नामदेवच्याने कवीवर जाळं बांधलं होतं. दामूच्याने आपली बोट शेजारी लावली आणि तो दोर कापायला वाकला. नामदेवच्याने त्याच्या खांद्यावर बांबू घातला, मग तोंडावर. जबडा मोडला. दामूच्याने वाकलेल्या अवस्थेतूनच कोयता फिरवला तो नामदेवच्याच्या मानेवर बसला. सुका तिथे पोचेपर्यंत बोटीतली मासळी रक्तात पोहत होती. दामूच्या कृष्णकांतला त्याने दोराने बांधून आणलं होतं. तो मागच्या बोटीत बसला होता, जबडा एका बाजूला लोंबत होता, आणि मनगटावर माझ्या इस्त्रीचा डाग होता. तो मला इतक्या लांबूनही दिसला.

प्रेत वाळूवर आणलं. मान अर्ध्याच्या वर तुटलेली होती, चौघांनी उचलताना डोकं वेगळं धरावं लागलं. नामदेवच्या भावकीतल्या कोणाला तरी ते सहन झालं नाही. आधी एकजण ओरडला, मग सगळेच. दामूचा कृष्णकांत मागच्या बोटीत पाण्यावर होता, सुकाचे खलाशी त्याच्याभोवती उभे होते. तो हाती लागत नाही म्हटल्यावर मेलेल्याचा धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘घर जालू.’’ वल्ही, बांबू, मिळेल ते घेऊन वीस-पंचवीस जण निघाले. एकाने बोटीच्या इंजिनाचा डिझेलचा डबा उचलला. दामूचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, झापांचं छप्पर. आत गोदूबाई, उठता न येणारी.

लाडकी त्यांच्या पुढे धावली आणि दारात आडवी उभी राहिली. पहिला बांबू तिच्या दंडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती तरी दारातून हलली नाही. डिझेल छपरावर उडालं.

वत्सलाबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी शूर नाही. पाचावर धारण बसली होती आणि एम-एटी दहा पावलांवर होती. पण ती बाई मोडक्या हाताने चौकट धरून उभी होती आणि तिला त्या दारात मी उभं केलं होतं. मी गर्दीत घुसलो, डबेवाल्याचा हात धरला आणि ओरडलो, ‘‘कव दामूचीच होती. यादी मी चुकवली. दामूचं नाव मी पुसलं.’’

कोणाला कळेना. मी पुन्हा सांगितलं. दोन कृष्णकांत होते, बाईंनी बापाच्या नावाने वेगळे ठेवले होते, मी बापांची नावं उडवली आणि दोघांचा एक केला. बाईंनी चिठ्ठी लिहिली होती, मी ती वाचली होती आणि फेकली होती. मशीनची चूक नाही, प्रोग्रामची नाही. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

घर जाळायला निघालेला जमाव माझ्यावर वळला. मला तेच हवं होतं असं मी पुढे लोकांना सांगत आलो, पण पहिला तडाखा बसला तेव्हा मला फक्त पळायचं होतं. वल्ह्याचं पातं बरगड्यांवर बसलं. पडलो. मेलेल्याच्या भावाने माझा उजवा हात दगडावर धरला आणि दुसऱ्याने खुंट ठोकायच्या मोगरीने बोटं ठेचली. तीन घाव मोजले, पुढचे मोजता आले नाहीत. तोंडात वाळू आणि रक्त. कमलाकांत तांडेल लांब उभे होते. त्यांनी ना मारलं, ना सोडवलं. दामूचं नाव नाही हे दिसूनही काल यादी वाचत राहिले होते, तसेच.

मग एकाएकी मार थांबला. डोळे उघडले तर जमना समोर उभी होती, कमरेपर्यंत ओली, पोर कोणीतरी काढून घेतलेलं. मोगरीवाला तिच्याकडे बघत होता. तिने बोट दाखवलं असतं तर पुढचा घाव डोक्यात बसला असता.

‘‘म्हंजे कव दामूचीच,’’ ती म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘माजा नवरा दुसऱ्याच्या कवीवर मेला.’’

‘‘त्याची चूक नव्हती,’’ मी म्हणालो. ‘‘त्याला चिठ्ठीत मिळाली होती.’’

तिने ओल्या पदराने तोंड पुसलं. मग खाली वाकली. मला वाटलं आता ही थुंकेल, आणि थुंकली असती तर बरं वाटलं असतं.

‘‘तुला कवा कळलं, नाव पुसलंय ते?’’

आता कळलं, असं सांगता आलं असतं. वत्सलाबाई सोडून ते कोणालाही खोटं ठरवता आलं नसतं.

‘‘काल,’’ मी म्हणालो. ‘‘काल दुपारी.’’

‘‘काल तर तो घरी जेवला,’’ जमना म्हणाली. ‘‘माज्या हातचं जेवला.’’

मी हो म्हणालो. ती उठली आणि प्रेताकडे गेली. त्यानंतर मला कोणी मारलं नाही.